विहिरीला पाणी आहे का?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘लोकप्रतिनिधींचे प्रश्न आणि जिल्हा परिषदेचा कारभार’. त्यावर बोलणारच आहे. पण त्याआधी एका फॅक्सची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं काही मला सांगताच येत नाही.

सभागृहात शिक्षक किती आहेत? हात वर करा बघू. बरेच आहेत. आणि जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले? मग ‘तारांकित आलाय’ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. तारांकित म्हणजे आमदारानं विचारलेला, मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. मी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात कनिष्ठ सहायक होते. अधिवेशन सुरू झालं की संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास, पर्स उचलून निघायच्या वेळेला, वरून फॅक्स यायचा. माथ्यावर ठळक अक्षरांत ‘विधानसभा तारांकित प्रश्न, अतितातडीचे’. माहिती उद्या अकराच्या आत हवी. मग पंचायत समितीला फोन, तिथून केंद्रप्रमुखाकडे माणूस, केंद्रप्रमुख मोटारसायकलवर शाळेत, आणि तोवर इकडे आमचं उत्तराचं टिपण सुरू झालेलंसुद्धा असायचं.

प्रश्नाची भाषा ठरलेली. ‘अमुक तालुक्यातील तमुक शाळेत विद्यार्थ्यांना पिण्याच्या पाण्याची सोय नाही, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ उत्तराची भाषाही ठरलेली. ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. नोकरीला लागले तेव्हा ‘अंशतः खरे आहे’ हे मला फार प्रामाणिक वाक्य वाटायचं. आहे तेवढं कबूल करणारं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पाण्याचा हाच प्रश्न आला. शाळेचं नाव सांगत नाही. दप्तरात नोंद होती, शाळेच्या आवारात विहीर आहे. वरिष्ठांनी सांगितलं, ‘हे खरे नाही. शाळेच्या आवारात विहीर आहे’ असं लिहा. मार्च महिना होता. मी त्या तालुक्यातल्या साहेबांना फोन लावला आणि विचारलं, “साहेब, विहिरीला पाणी आहे का?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मॅडम, प्रश्नात ते विचारलेलं नाही.”

रागावून नव्हते म्हणाले ते. थकलेले होते. रात्रीचे आठ वाजले होते, आणि त्यांच्याकडे त्या दिवशी असे चार प्रश्न आलेले होते. मी लिहिलं, ‘हे खरे नाही’. माझ्या अक्षरात. विहीर फेब्रुवारीतच आटली होती, हे मला नंतर कळलं. मुलं पाऊण किलोमीटरवरच्या मळ्यातून कळशीनं पाणी आणत होती, आणि आणणाऱ्या सगळ्या मुली होत्या. मुलींचा रोजचा एक तास त्यात जायचा. त्या मुलींकडून मी आजही क्षमा मागते.

आता तुम्ही म्हणाल, आमदारांनी सभागृहात पुढं विचारलं नाही का? विचारता आलंच नाही. यादीत प्रश्न खाली होता, त्याची पाळी येण्याआधी प्रश्नोत्तरांचा तास संपला. पाळी न आलेल्या प्रश्नाचं उत्तर छापील स्वरूपातच राहतं. मंत्री उभे राहत नाहीत, त्यांच्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारायचा उपप्रश्न होत नाही. ‘विहीर आहे, पण पाणी आहे का?’ हे चार-पाच शब्द विचारायला त्या दिवशी जागाच मिळाली नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घट्ट बसलंय. प्रश्न कागदावर असतो, त्याचं उत्तरही कागदावर तयार होतं, आणि ते तयार करणारी माझ्यासारखी कुणीतरी असते. उपप्रश्न कागदावर नसतो. त्यासाठी मंत्र्याला विषय माहीत असावा लागतो, आणि ते ध्यानात घेऊन खालच्या अधिकाऱ्यालाही शाळेत जाऊन विहिरीत डोकावावं लागतं. म्हणून उपप्रश्नाचा हक्क आपल्याला कसा मिळाला, ते निवृत्तीनंतर मी शोधून वाचलं.

मुंबईचं कायदे कौन्सिल, म्हणजे आजच्या विधिमंडळाचं जुनं रूप, १८६२ सालचं. जानेवारीत टाउन हॉलमध्ये पहिली बैठक झाली, नाना शंकरशेट सदस्य होते. पण १८६१च्या कायद्यात सदस्यांना सरकारला प्रश्न विचारायची मुभाच नव्हती. ती मिळाली १८९२मध्ये, तीही आगाऊ सूचना देऊन. सरकार उत्तर वाचणार, सदस्य ऐकणार, संपलं. उपप्रश्न आला १९०९च्या सुधारणांत, पण ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. बाकीच्यांना तो हक्क १९१९नंतर मिळाला. म्हणजे ‘पण पाणी आहे का?’ एवढं विचारायचा हक्क टप्प्याटप्प्यानं मिळवायला साठ वर्षं लागली. मला हे फार मोठं वाटतं.

आणि १९१९च्याच कायद्यानं आणखी एक गोष्ट केली, जिचा आपल्या आजच्या विषयाशी थेट संबंध आहे. प्रांताच्या कारभाराचे दोन भाग पाडले, सोपीव आणि राखीव. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती लोकनियुक्त सदस्यांतून घेतलेल्या मंत्र्यांकडे सोपवली. पोलीस, जमीन महसूल आणि तिजोरी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखून ठेवली. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले, १९२३चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा त्यांच्या कारकिर्दीतला. शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या तेव्हाच्या स्थानिक मंडळांकडे गेला. पण पैसा? पैशाचं खातं राखीव. शाळेबद्दल विचारावं मंत्र्यांना, पैशाबद्दल विचारावं दुसऱ्यालाच. हे ऐकून जिल्हा परिषदेतली मंडळी हसतायत. का हसतायत, ते मला माहीत आहे.

आता विहिरीकडे परत येते, कारण विहीर इथेही आहे. ४ ऑगस्ट १९२३. सीताराम केशव बोले यांनी कौन्सिलात ठराव मांडला की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सांभाळले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव मंजूर झाला. सप्टेंबरात सरकारनं त्याप्रमाणे सूचना काढल्या. कागदावर विहीर खुली झाली. पाणी मिळालं का? नाही मिळालं. तेव्हा ऑगस्ट १९२६मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिला ठराव अमलात आणत नाहीत, त्यांना सरकारनं अनुदान देऊ नये. त्याला मी बोल्यांचा उपप्रश्न म्हणते. तीन वर्षांनी उभा राहून माणूस विचारतोय, ‘ठराव आहे, पण पाणी आहे का?’ आणि नुसतं विचारून थांबत नाही, पैशाच्या पिशवीला हात घालतो. शाळेत शिकलेल्या इतिहासात बोल्यांचं नाव मला कधी भेटलं नव्हतं, त्याचं दुःख होतं.

महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकत नव्हतं. १९२७च्या सुरुवातीला डॉ. आंबेडकर नियुक्त सदस्य म्हणून कौन्सिलात आले. १२ मार्चला ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं आणि दारूच्या उत्पन्नापोटी माणशी दोन रुपयांहून जास्त घेतं. निदान घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. आकडे सरकारचेच, फक्त शेजारी शेजारी ठेवलेले. आणि त्यानंतर आठवड्याभरानं, १९ आणि २० मार्चला, महाड. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत. कौन्सिलातून जे उत्तर मिळत नव्हतं, ते लोकांनी स्वतः चालत जाऊन घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला १९२४चा ठराव मागे घेतला, आणि तळ्याच्या दाव्यात हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. खरं तर जिल्हा परिषदेवर आता कुठे येतेय. भराभर सांगते.

१ मे १९६२ला आपल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावची पाणीयोजना, सगळं त्यांच्याकडे. त्यामुळे आमदार विधानसभेत विचारतात तेव्हा उत्तर देणारा मंत्री एका ठिकाणी आणि विहीर भलत्याच ठिकाणी. मधे आम्ही कारकून. या दरीवर दोन पूल आहेत. एक विधिमंडळाची पंचायती राज समिती. दोन्ही सभागृहांचे आमदार जिल्ह्यात येतात, लेखापरीक्षणाच्या आक्षेपांवर अधिकाऱ्यांची साक्ष घेतात, न सांगता शाळेत जाऊन फळ्यावर गणित घालतात. ‘पीआरसी येतेय’ म्हटल्यावर आमच्याकडे दोन महिन्यांची कामं चार दिवसांत व्हायची. ती इतर वेळी का होत नाहीत, हे समितीनं विचारायला हवं.

दुसरा पूल म्हणजे जिल्हा परिषदेच्या निवडून आलेल्या सदस्यांची सर्वसाधारण सभा. माझ्या त्या शाळेचा निकाल तिथेच लागला. महिला राखीव जागेवरून निवडून आलेल्या एक बाई होत्या, पहिल्यांदाच सदस्य झालेल्या. वर्षभर त्या फारसं बोलल्या नाहीत. पुढच्या मार्चच्या सभेत उठून म्हणाल्या, “विहीर आहे म्हणता, तर पोहरा कुणी सोडून बघितला? कुठल्या तारखेला?” शिक्षण विभाग म्हणाला, हा विषय पाणीपुरवठ्याचा. पाणीपुरवठा म्हणाला, विहीर शाळेची. बाई उभ्याच राहिल्या. दोन्ही अधिकाऱ्यांना एकत्र शाळेत जाऊन यायला अध्यक्षांनी सांगितलं, तेव्हाच बसल्या. मेअखेर शाळेत हातपंप बसला.

माझ्या मागण्या तीनच. जिल्हा परिषदेच्या कामावरच्या प्रत्येक उत्तरात पाहणी कुणी केली आणि कुठल्या तारखेला, हे लिहिलेलं असावं. पाळी न आलेल्या प्रश्नांवर आमदारांनी अर्धा तास चर्चेची सूचना द्यावी, ती सोय नियमांत आहे. आणि जिल्हा परिषद रिकामी ठेवू नये. मार्च २०२२मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक बसले. प्रशासक चांगलाही असेल, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या खोलीत उभं राहून पोहऱ्याबद्दल विचारणारं कुणी नव्हतं.

त्या वर्षांतल्या मार्च-एप्रिलमध्ये आपल्या तालुक्यातल्या किती शाळांच्या विहिरी आटल्या होत्या, याची नोंद मी गोळा करतेय. इथल्या शिक्षकांपैकी कुणी आपल्या शाळेचा महिना आणि तारीख लिहून ठेवली असेल, तर कार्यक्रमानंतर मला भेटा. मी वही आणलीय.