पेशंटने हात लावला तरी तक्रार करता येते, सिस्टर!

नमस्कार. अरुणा शानबाग म्हटलं की बहुतेकांना इच्छामरणाचा खटला आठवतो, सुप्रीम कोर्टाचा २०११ चा निकाल. मला आज त्याच्या खूप आधीचं बोलायचंय.

अरुणाताई मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला, लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला त्या जमिनीवर रक्तात पडलेल्या सापडल्या. पुढे १८ मे २०१५ ला जाईपर्यंत त्यांची सेवा केली ती केईएमच्या परिचारिकांनीच. आणि त्या माणसाला शिक्षा कशाची झाली? खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा लागलाच नाही. सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला.

जे झालं ते कागदावर आलंच नाही, हे मला सगळ्यात जास्त छळतं. कारण ते आजही चालू आहे. सलाइन लावायला वाकलेल्या सिस्टरच्या कमरेवर हात. रात्री दोन वाजता "सिस्टर, नंबर द्या ना" म्हणत ड्युटी रूमच्या दारात उभा राहिलेला नातेवाईक. इन्चार्जकडे जावं तर उत्तर ठरलेलं: "अगं, पेशंट आहे तो. सोडून दे, बेड बदलून घे." बीपी, टेम्परेचर, इनटेक-आउटपुट, सगळ्याची नोंद होते. हिच्यावर जे गुदरलं त्याची मात्र रिपोर्ट बुकात एक ओळ नसते.

कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा काय म्हणतो, नीट ऐका. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत हॉस्पिटल आणि नर्सिंग होम नावानिशी आहेत. कामाच्या ठिकाणी ज्यांच्याशी संबंध येतो त्या बाहेरच्या माणसांपासूनही संरक्षण देणं मालकाचं कर्तव्य आहे. म्हणजे पेशंट, नातेवाईक, औषध कंपन्यांचे एमआर, सगळे आले. तुम्ही कंत्राटी असा, ट्रेनी असा, हक्क तोच.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला. आणि छोट्या नर्सिंग होममध्ये त्रास देणारा मालक डॉक्टरच असेल तर? तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. हे फार कमी जणींना ठाऊक असतं.

तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी चालू असताना बदली मागता येते, आणि दरवेळी तुमचीच व्हायला हवी असं नाही, त्याचीही मागा. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच लिहिलंय. पोलिसांकडे जायचा रस्ता वेगळा, तोही खुला आहे.

असं काही घडलं तर ड्युटी संपायच्या आत लिहून ठेवा: तारीख, वेळ, बेड नंबर, तो काय बोलला ते जसंच्या तसं, जवळ कोण होतं. मावशींनी पाहिलं असेल तर त्यांचं नावही.

आणि तुमच्या हॉस्पिटलात समितीची माहिती दिसेल अशा जागी लावलेली नसेल, तर मेट्रनकडे लेखी मागा. दोघी-तिघी मिळून सही करा.