राजाराम बंधाऱ्यावर न दिसलेलं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की कोल्हापुरात सकाळच्या चहाबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो: राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की ते पाणी भोगावतीतून प्रयाग चिखलीला येणार, तिथून पंचगंगेत आणि मग आपल्या दारात, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. वर घडलं त्याचा हिशेब खाली लागतो. आज ज्या व्हिडिओ गेमबद्दल बोलायचं आहे, त्याची सगळी मदार याच हिशेबावर होती. तिसऱ्या खेपेला तो हिशेब चुकला.

गेमचं नाव 'द वॉकिंग डेड'. कॅलिफोर्नियातल्या टेलटेल गेम्स या स्टुडिओनं, रॉबर्ट कर्कमन यांच्या कॉमिकच्या जगात स्वतःची वेगळी पात्रं घालून, २०१२ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात पाच भागांत हा गेम काढला. दुसरा सीझन २०१३ च्या डिसेंबरात सुरू झाला. 'अ न्यू फ्रंटियर' नावाचा तिसरा सीझन २०१६ च्या डिसेंबरात आला आणि आधीचे दोन्ही सीझन जीव लावून खेळलेल्यांची त्यानं निराशा केली. नेमकं कुठं बिघडलं, आणि राजारामपुरीतल्या किंवा विद्यापीठ परिसरातल्या हॉस्टेलवर कुणी आज ही मालिका नव्यानं खेळायला घेतली तर काय करावं, हे सांगतो. कथेतली वळणं उघडी होतील. कोऱ्या पाटीनं खेळायचं असेल त्यांनी थोडा वेळ रेडिओचा आवाज कमी करावा.

न खेळलेल्यांसाठी आधी गेमची रीत. झॉम्बी, म्हणजे या गेमच्या भाषेत वॉकर, भरपूर आहेत, पण मारामारी कमी आणि बोलणं जास्त. समोरच्यानं काही विचारलं की पडद्यावर बहुतेक वेळा चार उत्तरं येतात. त्यातलं एक पुष्कळदा गप्प राहण्याचं असतं. त्यांच्याबरोबरची वेळेची पट्टी आक्रसत जाते, ती संपायच्या आत निवडायचं. नाही निवडलं तर तुम्ही गप्प बसलात असं धरलं जातं. मग कोपऱ्यात ओळ उमटते, 'क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील.' आत प्रोग्राममध्ये त्या उत्तराची एक खूण पडते, हो किंवा नाही. पुढच्या एखाद्या प्रसंगात, कधी पुढच्या भागात, ती खूण तपासली जाते आणि त्याप्रमाणे एखादं वाक्य बदलतं, एखादा माणूस मदतीला येतो किंवा येत नाही.

पहिल्या सीझनमध्ये आपण ली एव्हरेट असतो. जॉर्जियातला इतिहासाचा प्राध्यापक, खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, पोलिसांच्या गाडीतून तुरुंगाकडे निघालेला. त्याला एका घरात आठ वर्षांची क्लेमेंटाइन एकटी सापडते. दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे: लीच्या हातात खाण्याचे चार जिन्नस आणि समोर त्याच्या दुपटीहून जास्त तोंडं. कुणाला द्यायचं, कुणाला उपाशी ठेवायचं, ते तुम्ही चालत जाऊन, एकेकाच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. इथं कुणी मरत नाही, पण ज्याला दिलं नाही त्याची नजर पुढं तासभर सोबत राहते. तिसऱ्या भागात, चालत्या आगगाडीत, ली क्लेमेंटाइनचे केस कापतो, कारण लांब केस वॉकरच्या हातात येतात. तिला पिस्तूल धरायला शिकवतो, नेम कुठं धरायचा ते सांगतो. तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्यांदा लाल मातीत उतरवून पाय कसे रोवायचे ते दाखवतो, तसा हा प्रसंग आहे. गेम खेळणाऱ्याला तिथं पटतं की आपण हिला जे शिकवू ते हिच्यात उतरणार आहे. पुढं लीचा शेवट होतो आणि दुसऱ्या सीझनमध्ये अकरा वर्षांची क्लेमेंटाइनच आपण होतो.

आता थोडं कारखान्यात डोकावू, कारण बिघाडाचं मूळ तिथं आहे. समजा एका प्रसंगात दोघांपैकी एकाला वाचवायचं आहे. तेव्हा पुढच्या प्रत्येक प्रसंगाच्या दोन आवृत्त्या लिहाव्या लागतात, दोन्ही कलाकारांकडून संवाद ध्वनिमुद्रित करून घ्यावे लागतात, दोघांच्या हालचाली बसवाव्या लागतात. अशा तीन निवडी झाल्या की आठ आवृत्त्या, पाच झाल्या की बत्तीस. कुठल्याही स्टुडिओला हे परवडत नाही. म्हणून फाटे फुटतात आणि थोड्या अंतरावर परत एकत्र आणले जातात, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती जशा शेवटी पंचगंगेत येतात तसे. यात फसवणूक काही नाही. नदीनं एकत्र यावंच, फक्त प्रत्येक प्रवाहानं आपला गाळ आणि आपला रंग घेऊन यावं.

पहिल्या सीझननं हे सांभाळलं. कार्ली किंवा डग, ज्याला तुम्ही वाचवलंत तो दोन भाग सोबत राहतो, बोलतो, मतं मांडतो, आणि तिसऱ्या भागात गटातल्याच लिलीच्या गोळीनं जातो. दोन्ही वाटा तिथं एक होतात, पण तोवर तो माणूस तुमचा झालेला असतो. दुसऱ्या सीझनमध्ये हात आखडला. निक नावाचा तरुण दुसऱ्या भागात तुमच्या निवडीमुळं वाचू शकतो. चौथ्या भागात तो कुंपणात अडकलेला वॉकर म्हणून दिसतो. तो कसा मेला, केव्हा मेला, काही दाखवलं नाही. सारा या मुलीचंही तसंच: ट्रेलरमधून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, तिला ओढून बाहेर काढलं तर त्याच भागात ती दुसरीकडं मरते. जाणत्यांना तेव्हाच पाणी कुठं मुरतंय ते दिसलं होतं. तरी सीझनचा शेवट दमदार होता. बर्फात पहिल्या सीझनपासूनचा सोबती केनी आणि दुसऱ्यात भेटलेली जेन एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि कुणाबरोबर जायचं ते तुम्ही ठरवता. गटातल्या एजे या तान्ह्या बाळाला घेऊन केनीबरोबर पुढं जाता येतं, वेलिंग्टनच्या वस्तीत केनीचा निरोप घेऊन राहता येतं, जेनबरोबर परतता येतं, किंवा एकट्यानं निघता येतं. जेनबरोबर गेलात तर दारात आलेल्या कुटुंबाला आत घ्यायचं की नाही हाही प्रश्न असतो. लोकांनी या निवडींवर आपसांत रात्र रात्र वाद घातले.

आणि मग तिसरा सीझन. पहिली गोष्ट, आपण आता क्लेमेंटाइन नाही. आपण हावियर गार्सिया, सट्ट्यापायी खेळातून हद्दपार झालेला बेसबॉलपटू, सोबत वहिनी केट आणि पुतण्या-पुतणी. नवा नायक आणला म्हणून खटकलं नाही; खटकलं ते जुन्या शेवटांचं काय केलं ते. केनीबरोबर गेला असाल तर पूर्वस्मृतीतल्या छोट्याशा प्रसंगात तो क्लेमेंटाइनला गाडी शिकवत असतो, अपघात होतो, आणि केनी तिथंच संपतो. जेनबरोबर गेला असाल तर ती गरोदर असल्याचं कळल्यावर स्वतःचा जीव घेते. वेलिंग्टन निवडलं असेल तर वस्तीवर हल्ला होतो. एकट्यानं निघाला असाल तर क्लेमेंटाइन एक बोट गमावते. प्रत्येक प्रसंग काही मिनिटांचा, आणि त्यानंतर सगळ्या वाटा एकाच ठिकाणी: न्यू फ्रंटियर ही टोळी आणि दुरावलेला एजे. पाच भाग राखून ठेवलेलं पाणी राधानगरीतून सुटलं आणि बंधाऱ्यावरची पट्टी इंचभरही हलली नाही.

केनीचं मरण विशेष लागलं. पहिल्या सीझनमध्ये तो गेला असं वाटलं होतं, दुसऱ्यात तो परत भेटला तेव्हा लोकांनी हातातला कंट्रोलर खाली ठेवून पडद्याकडं नुसतं बघत राहावं असा तो क्षण होता. दोन सीझन भांडण-प्रेम केलेल्या माणसाला निरोप द्यायला पुरेसा वेळ हवा होता. माणूस मेला याचं दुःख कथेत चालतं; तो जागा मोकळी करण्यासाठी मारला हे दिसलं, की खेळणारा पुढच्या निवडीवर जीव टाकत नाही. पट्टी आक्रसत असते, पण हात घाबरत नाही. सर्व्हायव्हल गेमला याहून मोठा तोटा कुठला?

बाकीच्या चुका भराभर सांगतो. भाग आखूड झाले. पहिल्या सीझनच्या तुलनेत बरेच लवकर संपतात. फिरून बघण्याच्या, वस्तू उचलण्याच्या, चार शब्द बोलण्याच्या निवांत जागा कमी केल्या, त्यामुळं नवी माणसं ओळखीची होण्याआधीच संकटात पडतात. मारियाना ही पुतणी पहिल्याच भागाच्या शेवटी एका गोळीनं जाते. धक्का बसतो, पण तिच्याशी नातं जुळायला अवधीच मिळालेला नसतो. गेब हा पुतण्या बहुतेक वेळ चिडलेला लिहिला आहे. क्लेमेंटाइन मधूनच येते, मदत करते, निघून जाते.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की सुरुवात फार चांगली आहे. वडील गेल्यावर उशिरा घरी पोचलेला हावियर, दारातच हात उचलणारा भाऊ डेव्हिड, आणि ज्याच्यासाठी घर रडतंय तो म्हातारा अंथरुणातून उठून उभा राहतो. दोन भावांमधला तिढा शेवटपर्यंत खरा वाटतो. ही गार्सियांची कथा वेगळ्या नावानं, क्लेमेंटाइनविना आली असती तर तिचं कौतुक झालं असतं.

असं का झालं? पहिल्या सीझनचे दोन मुख्य शिल्पकार, शॉन व्हॅनमन आणि जेक रॉडकिन, २०१३ मध्येच स्टुडिओ सोडून गेले. त्यानंतर टेलटेलनं एकाच वेळी अनेक मालिका हातात घेतल्या. शिवाय मधल्या काळात कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांची, पिढी बदलली. तिसरा सीझन जुन्या प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आलाच नाही, त्यामुळं अनेकांच्या सेव्ह फाइली, म्हणजे आधीच्या खेळाच्या नोंदी, जुन्या यंत्रातच अडकल्या. त्यावर तोड म्हणून गेमच्या सुरुवातीला प्रश्न विचारून जुन्या निवडी पुन्हा नोंदवायची सोय केली.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये 'द फायनल सीझन' सुरू झाला. २१ सप्टेंबर २०१८ ला टेलटेलनं जवळपास सगळ्या कर्मचाऱ्यांना कमी केलं आणि गेम मध्येच लटकला. पुढं कर्कमन यांच्याच स्कायबाउंड कंपनीनं मूळ चमूतल्या लोकांना घेऊन तो २०१९ च्या मार्चमध्ये पूर्ण केला. इथं हिशेब परत जुळला. आता क्लेमेंटाइन वस्ताद आणि लहानगा एजे पट्ठा. तिसऱ्या भागात एजे विचारतो की कठीण निर्णय घ्यायला माझ्यावर तुझा भरवसा आहे का. तुम्ही हो म्हणा किंवा नाही म्हणा, त्या क्षणी काहीच होत नाही. चौथ्या भागात पुलावर, वॉकरांचा लोंढा अंगावर येत असताना, एजे त्या उत्तराप्रमाणं वागतो: भरवसा दिला असेल तर तो टेन नावाच्या मुलावर गोळी झाडतो आणि तुमचा जवळचा सोबती वाचतो, दिला नसेल तर टेन वाचतो आणि सोबती जातो. बोलताना तुम्हाला वाटलेलं असतं की आपण फक्त एका पोराची समजूत काढतोय.

आता खेळायला घेणाऱ्यांसाठी. चारही सीझन एकत्र असलेली 'डेफिनिटिव्ह सिरीज' २०१९ मध्ये निघाली. सुटे भाग गोळा करण्यापेक्षा ती बरी, आणि सगळं एकाच यंत्रावर खेळलं की निवडी पुढं जाण्यात अडचण येत नाही. यंत्र बदललंच, तर जुने निर्णय आधी कागदावर लिहून ठेवा: शेवटी कोणाबरोबर गेलात, कुणाला वाचवलंत. सेटिंगमध्ये सबटायटल चालू करा, कारण संवाद अमेरिकी बोलीत आहेत आणि निवडायला वेळ थोडा असतो. 'लक्षात ठेवील' ही सूचना बंद करता येते. दुसऱ्यांदा खेळताना जरूर बंद करा, गेम जास्त भिडतो. मागं जाऊन निर्णय बदलायचा असेल तर आधी दुसऱ्या स्लॉटमध्ये प्रत करा, नाहीतर पुढची प्रगती पुसली जाते. गेम आपोआप सेव्ह होतो, पण ठरावीक टप्प्यांवरच. पावसाळ्यात लाइट जायची खात्री नसते, तेव्हा सेव्हची खूण फिरून थांबल्याशिवाय बाहेर पडू नका. एका बैठकीला एक भाग पुरे. गेम सतरा वर्षांच्या वरच्यांसाठी आहे, घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा.

तिसरा सीझन गाळू नका. एजे क्लेमेंटाइनपासून का दुरावला आणि तिच्या हातावर टोळीचा डाग कसा आला, ते त्यातच आहे. दुसरा सीझन संपवून लगेच त्याला भिडू नका, इतकंच. मध्ये आठ-पंधरा दिवस जाऊ द्या, आणि ही हावियरची गोष्ट आहे असं धरूनच पहिला भाग लावा.

नमस्कार.