प्रयोगाआधीचं अर्धं मिनिट

विज्ञान मंडळाच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘ज्वालामुखी करू या!’ मग मातीचा डोंगर, त्याच्या पोटात बाटली, खायचा सोडा, व्हिनेगर आणि लाल रंग. फेस उतू जातो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या मिनिटाला फडकं शोधायची धावपळ सुरू होते. पाहणाऱ्यांपैकी एकालाही घरी जाऊन काही करून बघावंसं वाटत नाही. कारण त्यांनी विचारण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

ज्वालामुखीवर माझा राग नाही. त्यातलीच दोन द्रव्यं घेऊन दुसरं काय करता येतं ते आधी सांगतो, मग मुद्द्याकडे येतो.

एक लिटरची बाटली घ्या. फुगा तोंडाने दोनदा फुगवून सैल करून घ्या. कोरा फुगा ताठ असतो आणि सगळी मापं बिघडवतो. फुग्यात नरसाळ्याने 5 ग्रॅम खायचा सोडा भरा, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा. बाटलीत 20 मिलिलिटर व्हिनेगर ओता, फुगा तोंडावर चढवा, उभा करून सोडा आत पाडा आणि गळ्याशी बोटांनी घट्ट धरा. फुगायचा थांबला की त्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळून घेर मोजा. मग बाटली धुऊन सोडा तेवढाच ठेवा आणि व्हिनेगर 40, 60, 80, 100 मिलिलिटर असं वाढवत जा.

आता 80 चं माप झाल्यावर थांबा आणि समोरच्यांना विचारा: 100 ला फुगा मोठा होईल, तेवढाच राहील की लहान होईल? ‘मोठा’ म्हणणारे हात जास्त असतात, कारण आतापर्यंत तसंच झालेलं असतं. प्रत्यक्षात 5 टक्क्यांचं व्हिनेगर असेल तर 5 ग्रॅम सोड्याला ते सुमारे 70 मिलिलिटर पुरतं. त्यानंतर सोडाच संपलेला असतो. म्हणून 80 आणि 100 ला घेर जवळजवळ सारखाच येतो. हिशेबाने वायू सुमारे 1.4 लिटर आणि घेर 44 सेंटिमीटरच्या आसपास. तुमचा आकडा थोडा कमी येईल, कारण थोडा वायू द्रवातच विरघळतो, थोडा गळ्यातून निसटतो आणि सोड्याचे काही कण फुग्याच्या घड्यांत अडकून राहतात. हे तिसरं कारण सगळ्यात त्रासदायक. बाटली हलवून आणि फुगा टिचक्या मारून झाडून घ्या. आणि एक पथ्य पाळा: फुग्याऐवजी झाकण लावून बाटली कधीही बंद करायची नाही. वायूला वाट नसेल तर बाटली फुटते. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

द्रव्यं तीच होती, पण या वेळी समोरच्यांनी आधी काहीतरी पणाला लावलं होतं.

हेच मला आज सांगायचं आहे. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गांत हे तपासून 2004 मध्ये प्रसिद्ध केलं. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला, त्यांची समज तो न पाहिलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. ज्यांना प्रयोगाआधी अंदाज बांधायला लावला, त्यांची समज स्पष्टपणे सुधारली. त्यासाठी लागणारा जादा वेळ होता अवघा काही मिनिटांचा. शाळेच्या सभागृहात तुम्हाला तर अर्धं मिनिटही पुरेल.

ते अर्धं मिनिट नीट वापरायची एक रीत आहे. प्रश्न ‘काय होईल?’ असा मोकळा ठेवू नका. त्याला कुणीही उत्तर देत नाही, किंवा पहिल्या रांगेतला हुशार मुलगा देतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. तीन पर्याय फळ्यावर लिहा. दहा सेकंद सगळ्यांनी गप्प राहायचं. मग सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची: एक, दोन किंवा तीन. आकडे फळ्यावर मांडा. त्यानंतर वेगवेगळे पर्याय निवडलेल्या दोघांना ‘का?’ एवढंच विचारा आणि प्रयोग करा. हा ‘का’ प्रयोगाच्या आधी यायला हवा. नंतर विचारलात, तर चुकलेला मुलगा चोर पकडल्यासारखा उभा राहतो आणि पुढच्या वेळी बोट दाखवत नाही. सादर करणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा असतो. हे जमायला सगळ्यात कठीण, म्हणून सरावात एकाने फक्त तुमच्या भुवयांवर लक्ष ठेवावं.

इथे विद्यार्थ्यांना शिक्षकांपेक्षा एक सोय जास्त आहे. सर किंवा बाई काही बोलल्या, की मुलं त्यांच्या मनातलं उत्तर ओळखायला लागतात. नववीतल्या ताईशी मात्र सहावीतला मुलगा वाद घालतो. तो वाद घालू द्या, कारण पुढच्या वेळी तुमच्याकडे प्रेक्षक आणतो तो हाच मुलगा.

प्रयोग निवडताना एक सावधगिरी हवी. काही लोकप्रिय प्रयोग चुकीचं शिकवतात. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं आणि सादर करणारा सांगतो, ‘ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, पाणीही एक पंचमांश चढलं.’ ऐकायला छान वाटतं, पण ते खरं नाही. ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो आणि जळालेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड व वाफ तयार झालेली असते. पाणी मुख्यतः चढतं ते आतली गरम, फुगलेली हवा निवून आकसते म्हणून. वाफेचं पाणी होतं, त्याचाही थोडा हातभार.

हे मुलांच्या हातून सिद्ध करून घेता येतं. ताटलीत एक सेंटिमीटर रंगीत पाणी आणि ग्लासच्या निम्म्या उंचीची मेणबत्ती घ्या. ग्लासची कड दोन नाण्यांवर टेकवा, नाहीतर ती ताटलीला चिकटते, पाण्याला आत शिरायला फट राहत नाही आणि प्रयोग फसतो. प्रश्न असा: एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी कमी चढेल, तेवढंच की जास्त? ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजन तेवढाच. ऑक्सिजनची गोष्ट खरी असती, तर पाणी तेवढंच चढायला हवं. ते चांगलंच जास्त चढतं, कारण तीन ज्योतींनी हवा जास्त तापते. ग्लास खाली आणताना कडेने बुडबुडे निघतात का तेही पाहायला सांगा. ती बाहेर पळालेली गरम हवा. आणि एकाने फक्त वेळेवर नजर ठेवावी: पाण्याची मोठी उडी ज्योत जळत असताना की विझल्यावर? शेवटी मेणबत्तीशिवाय, गरम पाण्याने नुसता शेकलेला ग्लास उपडा घाला. पाणी तरीही चढतं. इथे कुणाला काही समजावून सांगायची गरज पडत नाही. पाठ्यपुस्तकात वाचलेलं आपण स्वतः खोडून काढलं, याचा आनंद फार मोठा असतो.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून लहान मुलांसाठी नाताळची व्याख्यानं सुरू झाली. मायकेल फॅरडेने तिथे एक अख्खी मालिका मेणबत्तीवर गुंफली होती. तेव्हा साहित्य कमी आहे ही तक्रार जरा जपून करा.

अंगणात करायचा एक प्रयोग सांगतो, कारण शाळेतल्या दोनशे मुलांना एकदम दाखवता येतील असे प्रयोग थोडे असतात. छोट्या सपाट आरशावर काळा कागद चिकटवा आणि त्यात 6 मिलिमीटर बाजूचं चौकोनी भोक पाडा. आरसा उन्हात ठेवून कवडसा समोरच्या अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडा. अंतर 15 मीटर मिळालं तर उत्तम. आता प्रश्न: भोक चौकोनी, तर कवडसा कसा? भिंत अगदी जवळ असेल तर चौकोनी दिसतो. पण 15 मीटरवर गोल दिसतो, कारण भिंतीवर उमटलेलं ते सूर्याचं चित्र असतं. भोक त्रिकोणी करा, चित्र गोलच येतं. त्याचा व्यास अंतराच्या सुमारे 108 व्या भागाइतका, म्हणजे 15 मीटरवर 14 सेंटिमीटर. सूर्याचं पृथ्वीपासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या जवळपास 108 पट आहे, त्यामुळे भिंतीवरची पट्टी आणि अंतर मोजायची टेप घेऊन मुलं सूर्याचं एक खरं माप काढतात.

यात फसतं कुठे? आरसा हातात धरला की चित्र थरथरतं. वाळूने भरलेल्या डब्यात तो रोवून ठेवा. खोलीत उजेड असेल तर चित्र फिकट पडतं, म्हणून दार थोडंसंच उघडं ठेवा. भोक मोठं केलं तर चित्र उजळतं पण कडा पुसट होतात. आणि चित्र भिंतीवरून सरकत राहतं: सुमारे दोन मिनिटांत ते स्वतःच्या रुंदीइतकं पुढे जातं. ही पृथ्वीची फिरकी. एका मुलाला फक्त आरसा सावरायला बसवा आणि खडूने कड आखून ठेवा, म्हणजे सरकणं सगळ्यांना दिसेल. प्रेक्षकांनी आरशाकडे पाठ करून भिंतीकडे पाहायचं. आरशात डोकवायचं नाही, कवडशाच्या वाटेत डोकं आणायचं नाही, काम संपलं की आरसा झाकायचा. हे तीन नियम न पाळणाऱ्याला आत घेऊ नका. इथे भिडस्तपणा कामाचा नाही.

लंबकाबद्दल थोडक्यात. दोऱ्याला एक लोखंडी नट बांधून आधारापासून नटाच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर अंतर ठेवलं, की एक आंदोलन जवळपास एका सेकंदाचं होतं. ‘वजन दुप्पट केलं तर?’ हा प्रश्न भल्याभल्यांना अडवतो. पण दुसरा नट पहिल्याच्या खाली बांधलात तर मध्यबिंदू खाली सरकतो, लांबी वाढते, दहा आंदोलनांना 10 ऐवजी 10.2 सेकंद लागतात आणि ‘वजनाने फरक पडतो’ असं चुकीचं उत्तर हाती येतं. दोन्ही नट शेजारी शेजारी अडकवा. मोजणी ‘शून्य’ म्हणून सुरू करायची. ‘एक’पासून सुरू केली की दहाव्या आकड्याला आंदोलनं नऊच झालेली असतात आणि दहा टक्क्यांची चूक फुकट पदरात पडते.

एका दिवसाच्या प्रदर्शनापेक्षा मला भिंतीवरचा सावलीचा आलेख जास्त मोलाचा वाटतो. एक मीटरची काठी ओळंबा लावून सरळ रोवायची आणि दर आठवड्याला एकाच वारी तिची सर्वांत आखूड सावली मोजायची. ती घड्याळाच्या बाराला पडेलच असं नाही, म्हणून ती आखूड होत असल्यापासून पुन्हा लांबू लागेपर्यंत दर पाच मिनिटांनी खूण करावी. टोकाची सावली पुसट असते, सेंटिमीटरभर पसरलेली. तिचा मध्य धरायचा, आणि वर्षभर सगळ्यांनी तोच धरायचा. मार्च आणि सप्टेंबरमधल्या समरात्रदिनी या सावलीवरून अक्षांश निघतो: 36.4 सेंटिमीटर सावली म्हणजे 20 अंश. कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या शाळांत सावली वर्षातून दोनदा नाहीशी होते आणि मधल्या काळात उलट्या बाजूला पडते. त्या आठवड्यांत बिंदू आलेखाच्या शून्य रेषेखाली उतरतो आणि मुलं कागदावर जागा कशी ठेवायची यावर भांडतात. आलेख मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या नजरेला पडेल अशा जागी लावा, मुख्याध्यापकांच्या दाराशी नको. प्रत्येक बिंदूखाली मोजणाऱ्या वर्गाचं नाव असावं, आणि ढगांमुळे माप हुकलं तर रिकामी जागा तशीच सोडावी. अंदाजाने भरलेला एक बिंदू पुढच्या सगळ्यांवरचा विश्वास घालवतो.

मंडळात सहा जण पुरे. एक बोलणारा, दोघं हात चालवणारे, एक वेळ पाहणारा, एक फळ्यावर आकडे मांडणारा, आणि एक पाणी, फडकं, वाळूची बादली घेऊन उभा राहणारा. या भूमिका दर वेळी फिरवा. बोलका मुलगा कायम बोलत राहिला तर दोन वर्षांत मंडळ त्याच्याबरोबरच शाळा सोडून जातं. सादरीकरण वीस मिनिटांचं आणि प्रयोग दोनच. सराव त्याच खोलीत, त्याच वेळी करा: पंख्याचा वारा, खिडकीचा उजेड आणि शेवटच्या बाकावरून काय दिसतं, हे दुसऱ्या खोलीत कळत नाही.

प्रयोग सगळ्यांदेखत फसला तर एकदाच पुन्हा करा. तरीही फसला तर फळ्यावर ‘काय वेगळं झालं असेल?’ असं लिहून समोरच्यांकडून तीन कारणं घ्या, त्यातलं एक तिथेच तपासा. ‘खरं तर असं व्हायला हवं होतं’ हे वाक्य टाळा. त्याने मुलं एवढंच शिकतात की उत्तर आधीच ठरलेलं होतं.

वर्ष संपताना पुढच्या तुकडीला वही द्यायची असते. तिच्यात यशस्वी प्रयोगांची कृती थोडक्यात लिहिली तरी चालेल, पण फसलेल्यांची पानं सविस्तर हवीत: तारीख, मापं, काय अपेक्षित होतं, काय झालं, कोणतं कारण तपासलं. ‘ग्लास ताटलीला चिकटला, नाणी ठेवली, मग पाणी चढलं’ एवढी एक ओळ पुढच्या वर्षीच्या मुलांची आख्खी दुपार वाचवते.