मामांच्या उचक्या

सोलापूरकर श्रोतेहो, नमस्कार.

विडी सोडा म्हणणारे गल्लोगल्ली भेटतात. सोडायची कशी, हे शेजारी बसून सांगणारं माणूस मात्र विडी घरकुलापर्यंत, आपल्या विडी कामगारांच्या वसाहतीपर्यंत, फारसं पोचत नाही.

तिथल्या एका अक्कांच्या उंबऱ्यात बसले होते. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं, बोटं भराभर चाललेली. मामा यंत्रमागावर, नुकतेच रात्रपाळीहून आलेले. अक्का म्हणाल्या, "ताई, वाकडी झालेली विडी मी बाजूला टाकते, ती हे ओढतात. छाटीचे, म्हणजे नापास विड्यांचे, पैसे माझे कापतात, खोकला यांना!"

मामांनी मनावर घेतलं होतं, बरं का. मेडिकलमधून निकोटिनचा च्युइंगम आणला. चहाचा घोट, की च्युइंगम, पुन्हा घोट. पोरं चावतात तसा कचाकचा चावला. उचक्या लागल्या, पोटात जळजळ झाली. पुडी फेकली आणि विडी पेटवली! मला म्हणाले, "खोटं औषध आहे हो ते."

औषध खोटं नव्हतं. ते कसं घ्यायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. हळू चावायचं. तोंडात चुणचुणलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं. चुणचुण गेली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा नाही, तोंडात असताना तर नाहीच, नाहीतर निकोटिन अंगात नीट शोषलं जात नाही. पुन्हा सांगते: चावा, थांबा, गालात ठेवा. (आणि चहा तरी कसला, कागदी कपातला! त्याला मी चहा म्हणत नाही. असो.) छातीचं दुखणं असेल, कुणाला दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

निकोटिनचा हा उपचार २०२२ साली केंद्राच्या आवश्यक औषधांच्या यादीत आला. यादीत आला म्हणून मामांच्या हातात येत नाही. दवाखान्यात जायचं तर पाळी बुडते, पाळी बुडाली की मजुरी गेली. माझं म्हणणं एवढंच, अक्का विड्या मोजून द्यायला जिथे रांगेत बसतात, तिथेच आठवड्यातून एकदा कुणीतरी हा च्युइंगम घेऊन बसावं. समजावून द्यावा.

तोवर विडी-तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे. पेन घ्या. १८०० ११ २३५६. पुन्हा सांगते, १८०० ११ २३५६. पैसे पडत नाहीत. फक्त मागाजवळ उभं राहून लावू नका. खडखडाटात मामांना पलीकडचं अक्षर ऐकू आलं नव्हतं, दहा मिनिटं नुसते "हां हां" म्हणत होते.