चेकवरचं नाव

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक आली की आपल्याकडे चर्चा रंगते ती कोण जिंकणार याचीच, पण प्रचाराला पैसा येतो कुठून आणि त्याचे नियम काय हे फारसं कोणी सांगत नाही, म्हणून आज तेच.

मतांचं आधी झटकन सांगते. तिथे देशभरातली मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याचे इलेक्टर, म्हणजे अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, ठरलेले, एकूण ५३८, आणि ज्याच्याकडे २७० तो अध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर राज्यात जो पुढे, त्यालाच तिथले सगळे इलेक्टर. म्हणून प्रचाराचा पैसा पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन असल्या अटीतटीच्या राज्यांत ओतला जातो. २७० लक्षात ठेवा, बास.

आता पैसा. त्यासाठी तुम्हाला वॉटरगेटला न्यायला हवं, आणि ही गोष्ट सांगायला मला मनापासून आवडते.

१७ जून १९७२, वॉशिंग्टन. वॉटरगेट इमारतीत फ्रँक विल्स नावाचा चोवीस वर्षांचा वॉचमन रात्री फेरी मारत होता, त्याला दिसलं की दाराच्या कुलपाला चिकटपट्टी लावलीय, दार बंद झालं तरी कुलूप लागू नये म्हणून. त्याने ती काढून टाकली. थोड्या वेळाने परत आला तर पट्टी पुन्हा जागेवर! त्याने पोलिसांना फोन केला आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या ऑफिसात पाच जण सापडले. त्यांच्याकडे शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा, नंबर ओळीने. ओळीने नंबर म्हणजे बँकेतून एकदम काढलेल्या, म्हणजे माग काढता येणार.

माग गेला मायामीत, पाचांपैकी बर्नार्ड बार्करच्या खात्यापर्यंत. त्या खात्यात २५,००० डॉलरचा चेक भरलेला आणि चेकवर नाव केनेथ डालबर्ग. हा माणूस कोण, तर दुसऱ्या महायुद्धातला नावाजलेला वैमानिक, आणि नंतर कानाची मशीन बनवणारा उद्योजक. तर डालबर्ग हे तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष आणि पुन्हा उमेदवार असलेले निक्सन यांच्यासाठी निधी गोळा करत होते. फ्लोरिडात एका धनाढ्य देणगीदाराने त्यांना २५,००० डॉलर रोख दिले, नाव बाहेर येऊ नये ही त्याची इच्छा. एवढी रोकड बरोबर कशी बाळगायची म्हणून डालबर्गनी बँकेत जाऊन आपल्या नावाचा चेक करून घेतला आणि प्रचार समितीकडे दिला. तो फिरत फिरत पोचला बार्करच्या खात्यात.

वॉशिंग्टन पोस्टच्या बॉब वुडवर्डनी थेट डालबर्गना फोन लावला आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं की चेक आपण निक्सनच्या प्रचाराकडे दिला होता. १ ऑगस्टला बातमी छापून आली. पण खरी गंमत पुढेच. घरफोडीनंतर सहाच दिवसांनी, २३ जूनला, व्हाइट हाउसमध्ये याच पैशाच्या तपासाबद्दल बोलणं झालं होतं, निक्सन विचारतायत हा डालबर्ग कोण, आणि तपास थांबवायला सीआयएला, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेला, पुढे करायचं ठरतंय. हे सगळं टेपवर! नोव्हेंबरात निक्सन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले, पण ऑगस्ट १९७४ मध्ये ती टेप बाहेर आली आणि चार दिवसांत त्यांना पायउतार व्हावं लागलं. डालबर्गवर कसलाही गुन्हा दाखल झाला नाही. एका चेकवर एक नाव होतं म्हणून सगळं उलगडलं, रोख राहिली असती तर काय सापडलं असतं सांगा?

त्याच वर्षी कायदा कडक झाला, त्यावर लक्ष ठेवायला निवडणूक आयोग नेमला. रोख देणगी शंभर डॉलरपर्यंतच, म्हणजे शंभराची एक नोट. दुसऱ्याच्या नावाने देणगी चालत नाही. एका उमेदवाराला एका माणसाने किती द्यायचं याला मर्यादा, २०२४ ला ती दर निवडणुकीला ३,३०० डॉलर होती, पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी वेगळी, अंतिम वेगळी. आणि देणगी २०० डॉलरच्या वर गेली की नाव, काम, मालक सगळं जाहीर. परकीय नागरिकाला द्यायला बंदी, त्यामुळे तिकडे एच-वन-बीवर असलेल्या आपल्या मुलांनी यात पडू नये, ग्रीन कार्डवाल्यांना चालतं.

उमेदवाराच्या स्वतःच्या पैशाला मात्र मर्यादा नाही, हे १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं. आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी घरचे पैसे ओतून उभे राहिले तरी प्राथमिक फेरीत तिसरे आले, पुढे २०२२ ला काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. पैसा ओतला की मतं येतात असं नाही, हे मी नेहमी सांगते.

मग २०१० मध्ये कोर्टांनी ठरवलं की उमेदवारापासून वेगळं राहून खर्च करणाऱ्यांना मर्यादा नको. त्यातून सुपर पॅक नावाच्या प्रचार समित्या आल्या, कितीही घ्या, कितीही उधळा, फक्त देणाऱ्याचं नाव सांगा. पण देणारी जर एखादी ना-नफा संस्था असेल तर यादीत संस्थेचंच नाव लागतं, तिला कोणी दिले ते बहुतेक वेळा कळतच नाही. मला आकड्याची एवढी काळजी नाही, नावाची आहे. नाव कळलं की वुडवर्डसारखा कोणीतरी फोन लावतो. ही नावं उघड करायला लावणारं विधेयक २०१० ला प्रतिनिधिगृहात पास झालं, सिनेटमध्ये अडकलं, त्यानंतर कितीदा मांडलं तरी कायदा काही झालेला नाही.