आत्याच्या आठ वाट्या

मंडळी, नमस्कार. संख्याशास्त्र शिकवताना मला सगळ्यात जास्त खटकणारं वाक्य आधी सांगतो. प्रयोगवहीच्या शेवटी मुलं लिहितात, 'शून्य परिकल्पना सिद्ध झाली.' शून्य परिकल्पना म्हणजे 'इथे विशेष काही नाही, जे दिसतं ते योगायोगाने' हे सुरुवातीचं गृहीतक. ती कधीच सिद्ध होत नसते. का नसते, ते माझ्या आत्याच्या गोष्टीतून सांगतो.

आत्याचं सासर पौडचं, मुळशीतलं. आता ती इथे कोथरूडला असते. तिचं म्हणणं, "माझे डोळे बांधा, आंबेमोहोर कुठला नि इंद्रायणी कुठला ते एका घासात सांगते." इंद्रायणी हा आंबेमोहोराच्याच वंशातला, वास त्यालाही आहे, तेव्हा दावा लहान नाही. घरात दोन तट पडले. मी म्हटलं, परीक्षाच घेऊ.

परीक्षेची कल्पना माझी नव्हे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या बाई होत्या. कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे चवीवरून कळतं असं त्या म्हणत. तिथेच काम करणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने अशाच दाव्यावर ८ कपांचा प्रयोग आखला, ४ असे आणि ४ तसे, आणि १९३५ सालच्या आपल्या पुस्तकात त्याची फोड करून दाखवली. आम्ही कपांच्या जागी भाताच्या वाट्या मांडल्या.

खरी मेहनत या मांडणीतच असते. दोन्ही तांदूळ एकाच हंगामातले घेतले, कारण नवा तांदूळ जास्त चिकट होतो आणि जिभेला तेवढ्यावरूनच सुगावा लागतो. पाणी मोजून सारखं, एकाच कुकरमध्ये दोन डबे. वाट्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. आणि घास भरवायला शेजारची मुलगी बसवली, तिला कुठल्या वाटीत काय आहे ते ठाऊक नव्हतं. मी भरवला असता, तर माझ्या हाताच्या घाईवरूनही आत्याने ओळखलं असतं!

आता शून्य परिकल्पना काय? 'आत्याला काहीच कळत नाही, ती अंदाजाने सांगते.' यात तिचा अपमान नाही. 'तिला बऱ्यापैकी कळतं' याचा हिशोब मांडायला बसलो तर किती कळतं, हे कोण सांगणार? 'काहीच कळत नाही' याचा हिशोब मात्र चोख होतो. ८ वाट्यांतून ४ निवडायचे प्रकार ७०. चारही बरोबर येणारा प्रकार एकच. म्हणजे नुसत्या अंदाजाने पूर्ण यश मिळण्याची शक्यता ७० त १, साधारण ०.०१४. आमची रेषा ५ टक्क्यांची, म्हणजे शक्यता याहून कमी निघाली तरच शून्य परिकल्पना नाकारायची. ही रेषा आधीच ठरवून ठेवली होती. हे ५ टक्के फिशरनेच १९२५ साली सोयीचे म्हणून सुचवलेले.

आत्याने आंबेमोहोराच्या चारपैकी तीन ओळखल्या. एक चुकली की तिच्या जागी इंद्रायणीची एक येतेच, म्हणून ८ पैकी ६. अंदाजाने इतकं किंवा याहून चांगलं जमण्याचे प्रकार १६ अधिक १, म्हणजे १७. ७० त १७, साधारण ०.२४. हे पी-मूल्य. ते रेषेच्या बरंच वर आहे, म्हणून परिकल्पना नाकारता आली नाही.

माझा मुलगा ओरडला, "म्हणजे आत्याआजीला कळत नाहीच!"

मला आज इथेच थांबायचं आहे. ०.२४ चा अर्थ 'आत्याला न कळण्याची शक्यता २४ टक्के' असा नाही. तिला काहीच कळत नसतं, तरी १०० परीक्षांत सुमारे २४ वेळा असा किंवा याहून चांगला निकाल लागला असता, एवढंच तो आकडा सांगतो. हा गैरसमज इतका मुरलेला आहे, की अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेला २०१६ साली पी-मूल्यावर निवेदन काढावं लागलं.

आणि परीक्षा केवढी कडक होती पाहा. ८ वाट्यांत पास व्हायचा एकच मार्ग, एकही चूक न करणं. दहातले नऊ घास ओळखणारी जीभसुद्धा तिथे सहज नापास होईल. म्हणून शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, म्हणजे ती सिद्ध झाली असं नव्हे. खरा गुण असून तो न दिसणं, ही दुसऱ्या प्रकारची चूक. नसलेला गुण दिसणं, ही पहिल्या प्रकारची. दोन्ही चुकांचा हिशोब एकत्र मांडण्याचं काम नेमन आणि इगॉन पिअरसन या संख्याशास्त्रज्ञांनी केलं, त्यांचा महत्त्वाचा निबंध १९३३ चा. आपल्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे त्याच दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संशोधन करत होते. हे विषय जिथे घडत होते तिथे आपला माणूस होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

महिन्याने १२ वाट्या मांडल्या, ६ आणि ६. आत्या पुन्हा एकच वाटी चुकली. पण इथे एकूण प्रकार ९२४, आणि एक किंवा शून्य चूक होण्याचे ३७. शक्यता ०.०४. पास! जीभ तीच, चूकही तेवढीच, वाट्या तेवढ्या वाढल्या.

आत्या म्हणाली, "पहिली परीक्षा विसर आता." ते मात्र मला करता येईना. दोन संधी दिल्या, तर नुसत्या अंदाजाने कुठेतरी एकदा पास होण्याची शक्यता ०.०५४ होते, आपल्या रेषेच्या पलीकडे. नापास झालेला प्रयोग फडताळात टाकायचा आणि जमलेला तेवढा मिरवायचा, हे संशोधनातही होतं, आणि त्याने औषधांपासून बियाण्यांपर्यंत लोकांची फसगत होते. म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे दोन्ही निकाल लिहिलेत: ८ पैकी ६, १२ पैकी १०. खाली आत्याची सही आहे. दिवाळीनंतर नवा तांदूळ आला की तिसरी परीक्षा. वाट्या २०, हे तिने स्वतः ठरवलंय, आणि तेही तिथे आजच लिहून ठेवलंय.