टाकीतले पाच-सहा अणू

श्रोतेहो, नमस्कार. गच्चीवरची ती काळी, हजार लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणा. हजार लिटर म्हणजे बरोबर एक घनमीटर. (पंप लावून विसरणारा शेजारी प्रत्येक इमारतीत असतो, त्याच्यावर खरं तर वेगळं भाषण द्यायला हवं.) तर ही टाकी रिकामी करा. पाणी नाही, हवासुद्धा नाही. आता तीत हायड्रोजनचे पाच-सहा अणू सोडा. झालं! विश्वाचं भवितव्य या काठावर तोललेलं असतं. पुन्हा सांगतो, सगळं विश्व अशा टाक्यांत वाटलं, तर सरासरी एका टाकीमागे पाच-सहा अणू.

नुसत्या द्रव्याचाच विचार केला, तर हिशेब सोपा आहे. द्रव्य द्रव्याला ओढतं. टाकीमागे त्याहून जास्त भरलं, तर विश्वाचं पसरणं थांबेल आणि वर फेकलेल्या दगडासारखं सगळं माघारी येईल. कमी भरलं, तर पसरतच राहील.

हे गणित मांडणारा माणूस मला फार आवडतो. रशियातल्या पेट्रोग्राडचा, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचा, अलेक्झांडर फ्रीडमन. तो हवामानशास्त्रज्ञ होता बरं का! पाऊस चुकला की वेधशाळेला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरा ऐकावं. १९२२ साली त्यानं आइन्स्टाइनचीच समीकरणं घेऊन दाखवलं, की विश्व पसरू शकतं, आकसूही शकतं. आइन्स्टाइनला तर स्थिर विश्व हवं होतं, त्यासाठी त्यानं १९१७ मध्ये समीकरणात एक जादा पद घुसवलं होतं. फ्रीडमनचा लेख ज्या नियतकालिकात आला, त्यातच आइन्स्टाइननं टिपण छापलं, की हे उत्तर संशयास्पद आहे.

फ्रीडमननं सगळी आकडेमोड पत्रात लिहून पाठवली. बरोबर वाटली तर दुरुस्ती छापा, अशी विनंतीही केली. पण आइन्स्टाइन तेव्हा जपानच्या दौऱ्यावर! पुढे मे १९२३ मध्ये हॉलंडात, लायडनला, फ्रीडमनच्या गावचा भौतिकशास्त्रज्ञ युरी क्रुत्कोव्ह आइन्स्टाइनला भेटला. दोघं मिळून तो लेख वाचायला बसले आणि आइन्स्टाइननं मान्य केलं. क्रुत्कोव्हनं बहिणीला कळवलं, की पेट्रोग्राडची अब्रू राखली! आइन्स्टाइननं छापून टाकलं, की माझ्याच आकडेमोडीत चूक होती. गंमत अशी, की त्या टिपणाच्या कच्च्या खर्ड्यात आणखी अर्धं वाक्य होतं. या उत्तराला भौतिक अर्थ फारसा नसावा, अशा आशयाचं. छापायला देण्याआधी त्यानं ते खोडलं. मला विचाराल, तर ती काट म्हणजे त्या वर्षातलं सर्वांत शहाणपणाचं लेखन.

फ्रीडमन जुलै १९२५ मध्ये बलूनमधून ७,४०० मीटर उंच गेला आणि सप्टेंबरात विषमज्वरानं वारला. वय ३७. दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, जितक्या लांब तितक्या वेगानं आपल्यापासून दूर चालल्यात, हे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हबलनं दाखवलं ते १९२९ मध्ये.

वेळ संपत आली, म्हणून पुढचं भराभर सांगतो. काठावर हवेत पाच-सहा अणू, आठवतंय ना? मोजलं तर अदृश्य द्रव्य, म्हणजे जे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते ते, धरूनही टाकीमागे जेमतेम दोन अणूंइतकं भरतं. म्हणजे दगड माघारी येत नाही. उलट १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून दिसलं, की दगडाचा वेग वाढतोच आहे. त्यामागे जे काही आहे त्याला कृष्ण ऊर्जा म्हणतात, आणि नाव ठेवण्यापलीकडे तिच्याबद्दल फारसं कळलेलं नाही. आणि आपल्या ओळखीचं साधं द्रव्य? चार टाक्या धुंडाळा, सरासरी एक अणू सापडेल.